आरपीजी डिझायनर व्हायचंय, पुढे स्टुडिओही काढायचाय? आधी हे वाचा

दहावी-बारावीचे निकाल लागले की एकाच आशयाची पत्रं येऊ लागतात. ‘मुलाला गेम डिझायनर व्हायचंय, तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावं की ॲनिमेशन?’ नोकरीत असलेल्यांचा प्रश्न असतो, ‘माझ्याकडे एका मोठ्या रोल-प्लेइंग गेमची (आरपीजीची) अख्खी कथा तयार आहे, ती कोणत्या कंपनीला विकू?’ आणि या क्षेत्रात चार-पाच वर्षं काढलेले विचारतात, ‘आता स्वतःचा स्टुडिओ काढायला हरकत आहे का?’

या सगळ्या प्रश्नांत एक गैरसमज मुरलेला असतो. आधी डिझायनर व्हायचं, मग बढती मिळत मिळत स्टुडिओप्रमुख व्हायचं, असा तो हिशेब. प्रत्यक्षात हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. डिझायनरचा दिवस नियम, प्रसंग आणि संवाद यांत जातो, तर प्रमुखाचा पगार, करार, मुदती आणि मालकी यांत. बेल्जियमच्या स्वेन विंके यांनी 1996 मध्ये लॅरियन स्टुडिओ काढला आणि 2023 च्या ‘बाल्डर्स गेट 3’चं दिग्दर्शनही स्वतः केलं. फर्गस अर्क्हार्ट 1991 मध्ये इंटरप्ले कंपनीत टेस्टर म्हणून लागले आणि 2003 मध्ये चार सहकाऱ्यांसोबत ऑब्सिडियन काढून त्याचे प्रमुख झाले. त्याच ऑब्सिडियनमधले जॉश सॉयर मात्र डिझाइनमध्येच राहिले आणि तिथेच मोठे झाले. यातली कोणती वाट तुमची, हे आजच ठरवायला हवं असं नाही. पण प्रत्येक वाटेची तयारी वेगळी आहे, एवढं लक्षात असू द्या.

‘गेमिंगवर बंदी आली’ ही भीती

हा प्रश्न पालकांकडून फार येतो, म्हणून आधी तोच निकालात काढू. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यातली बंदी पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर आहे. विकत घेऊन घरी खेळायची आरपीजी त्या बंदीत येत नाही. तुमच्या गेममध्ये खऱ्या पैशांनी घेतलेल्या वस्तू परत पैशांत बदलता येणार असतील, तर मात्र एक ओळही कोड लिहिण्याआधी वकिलाला विचारा.

डिझायनर नेमकं काय करतो?

चित्रं काढणारा आर्टिस्ट, कोड लिहिणारा प्रोग्रामर. डिझायनर खेळाडूला कोणते पर्याय द्यायचे आणि प्रत्येक पर्यायाचा परिणाम काय, हे ठरवतो. आरपीजीत साधारण चार प्रकारची पदं दिसतात:

- सिस्टिम डिझायनर: लढाई, अनुभवाचे गुण, शस्त्रांच्या किमती, फाशांचं गणित.
- क्वेस्ट डिझायनर: खेळाडूवर सोपवलेली कामगिरी आणि ती पार पाडण्याच्या वाटा.
- कथालेखक: पात्रं आणि संवाद. हे संवाद फांद्यांसारखे फुटत जातात, त्यामुळे सवय नाटकापेक्षा वेगळी लागते.
- लेव्हल डिझायनर: जागा. दरवाजा कुठे, आडोसा कुठे, वाट कुठून दिसेल.

सिस्टिमचं काम कसं असतं, ते एका उदाहरणातून पाहा. वीस बाजूंच्या फाशावर 15 किंवा जास्त पडलं तरच कुलूप उघडेल, असा नियम केला. शक्यता झाली 30 टक्के. आता खेळाडूला दोन फासे टाकून त्यातला मोठा आकडा घेऊ द्या. शक्यता 51 टक्क्यांवर जाते. सवलत एवढीशी वाटली, पण कुलूप आता निम्म्याहून जास्त वेळा उघडतं. उलट, सवलत न देता तीन वेळा प्रयत्न करू दिला, तर तिन्ही वेळा अपयश येणारे खेळाडू शंभरात 34 असतील आणि त्यातले बरेच चिडून गेम बंद करतील. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये सलग अपयशांची रांग मोडणारी ‘कार्मिक डाइस’ नावाची सोय आहे ती याचसाठी. हा हिशेब करताना तुम्हाला मजा येत असेल, तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. कंटाळा आला, तर संवादलेखन किंवा लेव्हल डिझाइन करून पाहा.

कथा विकायला निघू नका

हे स्पष्टच सांगायला हवं: बाहेरच्या माणसाकडून गेमची कल्पना विकत घेणारा बाजार जवळजवळ नाहीच. उद्या वाद नको म्हणून अनेक स्टुडिओ न मागता आलेलं लेखन उघडूनही पाहत नाहीत. शिवाय कॉपीराइट मिळतो तो मांडणीला. नुसत्या कल्पनेला किंवा खेळाच्या नियमाला मिळत नाही.

तुमची प्रकाशित कादंबरी असेल आणि तिच्यावर गेम करण्याचे हक्क कोणी मागत असेल, तर गोष्ट निराळी. पोलंडचे लेखक आंद्झेय सापकोव्स्की यांनी ‘विचर’च्या गेमसाठी टक्केवारीऐवजी एकरकमी पैसे घेतले होते. पुढे गेम जगभर खपले, लेखकाने जादा मोबदला मागितला आणि 2019 मध्ये सीडी प्रोजेक्टबरोबर नवा करार झाला. तुम्ही अशा दुसऱ्या संधीच्या भरवशावर राहू नका. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून समोरचा करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द घालणारच. ते शब्द दिसले की मोबदल्यात विक्रीचा वाटा मागा.

कोणतं शिक्षण घ्यावं?

पदवीवरून फार वाद घालू नका. जॉश सॉयर इतिहासाचे विद्यार्थी, या क्षेत्रात शिरले ते वेबसाइट बनवण्याच्या कामातून. त्यांनी 2022 मध्ये केलेला ‘पेंटिमेंट’ सोळाव्या शतकातल्या बव्हेरियात घडतो. तिथे इतिहासाचं शिक्षण थेट कामी आलं. कॅनडातली बायोवेअर तर 1995 मध्ये डॉक्टरांनी काढली. तुमच्या मुलीला समाजशास्त्र किंवा मराठी साहित्य आवडत असेल, तर ते सोडायला लावू नका. त्याच्या जोडीला थोडं प्रोग्रामिंग आणि स्प्रेडशीट शिकू द्या.

खास अभ्यासक्रमच हवा असेल, तर एनआयडीच्या बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा एम.डेस. आहे आणि मुंबईत 2025 पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली आहे. खासगी संस्थेची फी भरण्याआधी मात्र तीन गोष्टी विचारा:

1. गेल्या दोन तुकड्यांतल्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेले गेम खेळायला मिळतील का? चित्रफीत चालणार नाही, गेमच हवा.
2. शिकवणाऱ्यांची नावं कोणत्या गेमच्या श्रेयनामावलीत आहेत?
3. अभ्यासक्रमात केलेल्या गेमची मालकी विद्यार्थ्याची की संस्थेची?

तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला, तर उत्तर लेखी मागा.

पहिला गेम: एक गाव, एक तास

शंभर तासांची महागाथा करायची इच्छा सगळ्यांनाच असते. ती वहीत ठेवा आणि तासाभरात संपणारा गेम करा.

समजा, पूर आलेल्या नदीकाठचं गाव आहे. औषध पलीकडच्या तीरावर. नावाडी नाव काढायला तयार नाही, कारण त्याचा मुलगा याच नदीत गेला. खेळाडूपुढे तीन वाटा: नावाड्याचं मन वळवणं, रात्री नाव चोरणं, किंवा पाटलाचा हुकूम आणणं. इथवर कोणीही लिहील. खरं काम यापुढे. नाव चोरून बुडवली, तर खेळाडू परत कसा येणार? नावाड्याशी न बोलताच थेट नाव पळवली, तर मुलाची गोष्ट त्याला कळणार कुठून? हुकूम आणला, तर दुसऱ्या दिवशी नावाडी त्याच्याशी कोणत्या सुरात बोलेल? असे तीन प्रसंग आणि प्रत्येकाचे तीन शेवट झाले, की गेमच्या अखेरीस 27 वेगळ्या परिस्थिती तयार होतात. सत्तावीस शेवट लिहिणं कोणालाच परवडत नाही. त्यातल्या कोणत्या एकत्र बांधायच्या, कोणत्या एका वाक्यात दाखवायच्या आणि कोणती वाट मुळातच कापायची, हे ठरवता आलं की तुम्ही डिझायनर झालात. मुलाखतीत या निर्णयांचा कागद दाखवा. कापलेल्या वाटा आणि कापण्याची कारणं त्यावर असू द्या. पुष्कळ उमेदवार नेमकं हेच लपवतात.

साधनांवर महिने घालवू नका. नुसत्या संवादांसाठी ट्वाइन किंवा इंक, दोन्ही फुकट. जुन्या धाटणीच्या आरपीजीसाठी आरपीजी मेकर. पूर्ण गेमसाठी गोडो फुकट आणि मुक्त आहे. टोबी फॉक्स यांचा ‘अंडरटेल’ (2015) गेममेकरमध्ये झाला, ऑब्सिडियनचा ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ (2015) युनिटीत आणि फ्रान्सच्या सँडफॉलचा ‘क्लेर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन 33’ (2025) अनरियलमध्ये. इंजिनच्या वापराच्या अटी मात्र वाचा. युनिटीने 2023 मध्ये इन्स्टॉलेशनमागे शुल्क जाहीर केलं होतं आणि वर्षभराने ते मागे घेतलं. मधल्या काळात अनेक छोट्या स्टुडिओंचे हिशेब टांगणीला लागले होते.

नोकरीच्या करारात काय पाहाल?

- कामाची मालकी: कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारी कंपनीच, वेगळं ठरलं नसेल तर. हे मान्य करावं लागतं.
- घरचं काम: ‘नोकरीच्या काळात केलेली कोणतीही निर्मिती कंपनीची’ असं कलम असेल, तर रात्री घरी केलेला तुमचा गेमही त्यात ओढला जाऊ शकतो. आधीपासून चालू असलेल्या प्रकल्पांची यादी करारासोबत जोडून तिच्यावर सही घ्या.
- श्रेय: गेम येण्याआधी नोकरी सोडली तरी नाव लागेल का? लेखी घ्या. कर्तेपणाचा दावा करण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम 57 मध्ये आहे, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा करारात एक ओळ असलेली बरी.
- सोडल्यानंतरची बंदी: ‘दोन वर्षं दुसऱ्या गेम कंपनीत जायचं नाही’ अशी अट करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. गुप्तता पाळण्याची अट मात्र टिकते. जुन्या कंपनीची फाइल सोबत नेऊ नका.

टेस्टरची नोकरी कमी दर्जाची समजू नका. चांगला दोष-अहवाल लिहिणाऱ्याला गेमचे सांधे दिसतात.

स्टुडिओ काढण्याआधीचा हिशेब

आठ माणसं, सरासरी पगार 60 हजार. महिन्याला 4 लाख 80 हजार. भाडं, संगणक, सॉफ्टवेअर, सीए मिळून 1 लाख 20 हजार धरा. एकूण 6 लाख. दीड वर्षात 1 कोटी 8 लाख. गेमची किंमत 500 रुपये ठेवली, तर स्टीमसारखं दुकान आधी 30 टक्के घेतं. सवलती, परतावे आणि कर जाऊन प्रतीमागे हातात 250 रुपये येतात असं समजा. नुसता खर्च निघायला 43,200 प्रती विकाव्या लागतील. काम सहा महिने लांबलं, तर 57,600. आरपीजी लांबतेच, म्हणून दुसरा आकडा भिंतीवर लावा. आपल्या शहरातले पगार घालून हा हिशेब पुन्हा करा आणि मगच राजीनामा द्या.

पैसा कुठून आणायचा, याचे रस्ते मोजके आहेत.

दुसऱ्यांची कामं घेणं. पगार निघतात, पण स्वतःचा गेम मागे पडतो. दोन माणसं फक्त स्वतःच्या गेमवर ठेवता येत नसतील, तर या रस्त्याने स्वतःचा गेम होत नाही.

लोकवर्गणी. लॅरियनला 2013 मध्ये ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन’साठी किकस्टार्टरवर 9 लाख 44 हजार डॉलर मिळाले, तर ऑब्सिडियनला त्याआधीच्या वर्षी ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’साठी जवळपास 40 लाख. दोन्ही स्टुडिओंना वर्षानुवर्षांचे चाहते होते, हे विसरू नका. पुण्याच्या नोडिंग हेड्सच्या ‘राजी’ला 2017 मध्ये तिथे ठरवलेली रक्कम गाठता आली नाही, इतर मार्गांनी पैसा उभा करून तो गेम 2020 मध्ये आला. तो आरपीजी नाही, पण मराठी मुलखातल्या स्टुडिओसाठी अभ्यासण्यासारखा आहे.

अर्धवट गेम आधीच विकणं. ‘बाल्डर्स गेट 3’ ऑक्टोबर 2020 पासून ऑगस्ट 2023 पर्यंत अर्ली ॲक्सेसमध्ये होता. खेळाडूंना सुरुवातीचा भागच मिळत होता. निदान पहिला अंक पक्का असल्याशिवाय हे करू नका. पहिली वाईट परीक्षणं पुसता येत नाहीत.

प्रकाशक. बहुतेकांना अखेर इथेच यावं लागतं, म्हणून जरा सविस्तर.

प्रकाशकाच्या करारातले खड्डे

सर्वांत महाग चूक वसुलीच्या कलमात होते. प्रकाशकाने 1 कोटी आगाऊ दिले, उत्पन्नाची वाटणी निम्मी-निम्मी. आगाऊ रक्कम एकूण उत्पन्नातून वसूल होणार असेल, तर पहिला कोटी त्याचा आणि पुढे तुम्हाला निम्मं. ती ‘विकसकाच्या वाट्यातून’ वसूल होणार असेल, तर उत्पन्न 2 कोटी होईपर्यंत तुम्हाला रुपयाही नाही. 2 कोटींच्या उत्पन्नावर पहिल्या करारात तुमच्याकडे 50 लाख असतील, दुसऱ्यात शून्य. फरक एका वाक्याचा.

बाकीचे खड्डे इतरांच्या अनुभवातून ओळखा:

- दुसऱ्याचं नाव किंवा नियम वापरणं. ‘फॉलआउट’ सुरुवातीला गर्प्स या नियमसंचावर उभा राहत होता. 1997 मध्ये तो परवाना गेला आणि टीमला ऐनवेळी स्वतःचे नियम करावे लागले. परवानाधारकाची मंजुरी कोणत्या टप्प्यावर लागेल आणि ती किती दिवसांत मिळेल, हे लिहून घ्या.
- प्रसिद्धीची तारीख. ट्रॉइका स्टुडिओचा ‘व्हॅम्पायर: ब्लडलाइन्स’ ‘हाफ-लाइफ 2’च्या इंजिनवर होता आणि त्याच्या आधी तो बाजारात आणायची मुभा नव्हती. दोन्ही गेम 16 नोव्हेंबर 2004 या एकाच दिवशी आले. फेब्रुवारी 2005 मध्ये ट्रॉइका बंद झाला. तारीख ठरवताना तुमचंही मत लागेल, असं कलम मागा.
- परीक्षणांच्या गुणांवर बोनस. ‘फॉलआउट: न्यू वेगास’साठी ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर 85 गुणांची अट होती, पडले 84. बोनस विक्रीच्या आकड्याशी बांधा.
- गेमच्या जगाची मालकी. ‘बाल्डर्स गेट’चं नाव विझार्ड्स ऑफ द कोस्टचं. ‘बाल्डर्स गेट 3’च्या यशानंतरही लॅरियन आता वळला आहे तो स्वतःच्या ‘डिव्हिनिटी’कडे, डिसेंबर 2025 मध्ये त्याची घोषणा झाली. स्वतःचं जग असल्यामुळे त्यांना ते करता आलं. जग विकावंच लागलं, तर प्रकाशकाने ठरावीक वर्षांत पुढचा भाग काढला नाही तर हक्क परत यावेत, अशी अट घाला.

भागीदारांचा कागद

मित्रामित्रांत कशाला लिहापढी, असं म्हणू नका. ‘डिस्को एलिसियम’ (2019) घडवणाऱ्या रॉबर्ट कुर्विट्झ यांच्यासह तिघं जण झेडए/यूएम स्टुडिओतून बाहेर पडले. आम्हाला काढलं गेलं, असं त्यांचं म्हणणं. कंपनीने वेगळी कारणं दिली. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. आपण लिहिलेलं जग कंपनीकडे आणि कंपनीचे शेअर दुसऱ्यांकडे, ही अवस्था तुमचीही होऊ शकते. म्हणून नोंदणीच्या वेळीच ठरवा: शेअर एकदम द्यायचे की चार वर्षांत टप्प्याटप्प्याने, भागीदार निघाला तर त्याचे शेअर कोण आणि कोणत्या भावाने घेणार, आणि नवा गुंतवणूकदार आल्यावर कोणते निर्णय मूळ भागीदारांच्या संमतीशिवाय होणार नाहीत. प्रायव्हेट लिमिटेड आणि एलएलपी दोन्हींना किमान दोघं लागतात. बाहेरची गुंतवणूक घ्यायचा विचार असेल, तर पहिला प्रकार सोयीचा. फ्रीलान्स संगीतकार आणि चित्रकार यांच्याशी हक्कांचा लेखी करार पहिल्याच दिवशी करा. नंतर शोधाशोध करून सह्या घेणं फार अवघड जातं.

प्रमुख झाल्यावर

डिझाइनला वेळ मिळणार नाही, हे धरून चला. दर सोमवारी एकच आकडा पाहा: बँकेत किती महिन्यांचे पगार आहेत. मोठ्या प्रकाशकाचा प्रकल्प एका फोनवर रद्द होऊ शकतो. 2012 मध्ये ऑब्सिडियनचा असाच प्रकल्प गेला आणि माणसं कमी करावी लागली. ‘पिलर्स’ची लोकवर्गणी त्याच वर्षाच्या सप्टेंबरमधली.

शिल्लक चार महिन्यांवर आली की टीमला सांगा. लोकांना नोकरी शोधायला वेळ मिळतो आणि काही जण कमी खर्चात गेम पूर्ण करायची वाटही सुचवतात. तीन महिन्यांवर आली आणि नवा करार सहीपर्यंत पोहोचलेला नसेल, तर बंद करण्याची तयारी तेव्हाच सुरू करा, म्हणजे नोटिशीचे पगार, पीएफ आणि फ्रीलान्सरची बिलं पूर्ण चुकती करता येतील. प्रत्येकाला अनुभवपत्र द्या आणि अपूर्ण गेममधला आपापला भाग पोर्टफोलिओत दाखवायची लेखी परवानगीही द्या. प्रकाशकाशी गोपनीयतेचा करार असेल, तर ती परवानगी त्याच्याकडून आधीच मिळवून ठेवा. कंपनी बंद झाल्यावर ती द्यायला अधिकृत सही करणारं कोणी उरत नाही.